मांजराचं पिल्लू घरी आणताना: तयारी, लसी आणि नखं परजायचा खांब, योग्य क्रमाने

दोन महिन्यांचं पिल्लू संध्याकाळी घरी येतं. तासाभरात त्याला अंघोळ घातली जाते, वाटीभर दूध पुढ्यात येतं, इमारतीतली चार मुलं बघायला येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचून आणतात. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात आणि चौथ्या दिवसापासून पिल्लू पलंगाखालून बाहेर यायला तयार नसतं. गेली काही वर्षं मी रस्त्यावरची पिल्लं सांभाळून घरं शोधून देते. पिल्लू नेलेल्या घरांतून मला येणाऱ्या निम्म्या फोनांमागे हाच प्रकार असतो. हे सगळं मायेनेच केलेलं असतं, पण कशानंतर काय करायचं ते चुकतं.

पुढचा क्रम फ्लॅटमध्ये येणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या देशी पिल्लासाठी आहे. मोठं मांजर आणत असाल तरी क्रम हाच. लसींचं वेळापत्रक तेवढं वेगळं असेल, ते त्या टप्प्यात दिलं आहे.

## टप्पा १: पिल्लाच्या आधी घर तयार करा

यासाठी निदान एक आठवडा हाताशी ठेवा. पिल्लू आल्यावर जाळी बसवायला माणूस बोलावलात, तर उघड्या दारातून पिल्लू पळतं. हे मी दोनदा पाहिलं आहे.

खिडक्या आणि गॅलरी. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं, त्याला काही होत नाही, हा समज सोडून द्या. पायांवर उतरलेल्या मांजराचाही जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतो. खिडकीच्या ग्रिलमधल्या दोन-अडीच इंचांच्या फटीतून पिल्लू आरामात निघतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण ती चारही बाजूंनी ताणून हुकांवर घट्ट बसवलेली हवी आणि महिन्यातून एकदा हाताने ओढून पाहायला हवी, कारण काही मांजरं ती चावून तोडतात. शक्य असेल तिथे बारीक भोकांची लोखंडी जाळी लावा. सरकत्या खिडकीची डासांची जाळी मोठ्या मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. तिच्या भरवशावर खिडकी उघडी ठेवू नका.

विषारी वस्तू. आपल्या घरांत सर्रास असणाऱ्या या गोष्टी मांजराला मारू शकतात:

- पॅरासिटामॉल. एक गोळीसुद्धा जीव घेते. ताप वाटला म्हणून घरातलं औषध कधीही देऊ नका.
- फिनेल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं. मांजर पुसलेल्या लादीवर चालतं आणि मग पंजे चाटतं. त्याच्या यकृताला ही रसायनं नीट पचवता येत नाहीत. लादी साबणाच्या पाण्याने पुसा.
- डांबराच्या गोळ्या, उंदीर मारायचं औषध, निलगिरीचं आणि टी-ट्रीचं तेल.
- कुत्र्यांच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन असलेलं औषध. हे मांजराला लावल्याने झटके येतात.
- पुष्पगुच्छातली लिली. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. कुंडीतलं सायकसही (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) घरातून हलवा.
- कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका.

दोरे. याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून वेगळं सांगते. गजऱ्याचा दोरा, सुई ओवलेला धागा, मांजा, केसांचे रबर, राखीची रेशीमदोरी. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. तो गिळला जातो आणि आतडी चुणीसारखी गोळा होतात.

> सावधान: तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका. आतडं कापलं जाऊ शकतं. आहे तसं दवाखान्यात न्या.

खरेदी. पिंजरा किंवा कॅरिअर (मांजर न्यायची दाराची पेटी), शी-शूसाठी उथळ ट्रे, लिटर (ट्रेमध्ये पसरायचे, ओल शोषणारे दाणे), दोन वाट्या, पिल्लांचं खाणं, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि नखं परजायचा खांब. खांब पहिल्याच दिवशी खोलीत असायला हवा. सोफा फाटल्यावर आणलेल्या खांबाचा फारसा उपयोग होत नाही.

डॉक्टर. मांजरं नियमित तपासणारा पशुवैद्य आधीच शोधा आणि रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो तेही विचारून ठेवा.

## टप्पा २: आणण्याचा दिवस

पिल्लू किमान आठ आठवड्यांचं हवं. दहा-बारा आठवडे आईजवळ राहिलं तर उत्तमच. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे ते भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचं वय सांगायला कुणी नसतं. अशा वेळी डोळे पाहा. ते अजून निळे असतील, तर पिल्लू बहुधा सात आठवड्यांच्या आतलं आहे. चार आठवड्यांच्या आतल्या अनाथ पिल्लाला बाटलीने खास पिल्लांचं दूध द्यावं लागतं आणि ऊब लागते. ते वेगळं काम आहे, थेट डॉक्टरांकडे न्या.

शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा. काही बिघडलं तर दवाखाना उघडा असतो आणि तुम्ही घरी असता. आईच्या जागेवरचं एखादं फडकं मागून घ्या, ते कॅरिअरमध्ये अंथरा आणि वरून चादर टाका. रिक्षात मांडीवर घेऊन येऊ नका. शेजारून हॉर्न वाजला की पिल्लू खांद्यावरून उडी मारतं आणि वाहत्या रस्त्यात ते परत सापडत नाही.

घरी आल्यावर अंघोळ नाही. अंग फारच मळलं असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. लहान पिल्लाचं अंग पटकन गार पडतं.

## टप्पा ३: पहिले तीन ते सात दिवस, एकच खोली

संपूर्ण घर फिरवून दाखवायची घाई करू नका. एका शांत खोलीच्या एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी, मध्ये कुठेतरी आडवं ठेवलेलं खोकं. खोकं लपायला हवंच. लपायची हक्काची जागा असली की पिल्लू लवकर बाहेर येतं. पलंगाखाली मात्र उशा लावून बंद करा.

तुम्ही जमिनीवर बसा. काहीतरी वाचत राहा, हळू आवाजात बोला, त्याच्याकडे टक लावून पाहू नका. ते जवळ येऊन वास घेईल, अंग घासेल. मग हनुवटीखाली खाजवा. खोक्यातून ओढून काढलेलं पिल्लू पुढे कित्येक दिवस तुमचा हात दिसला की पळतं.

पहिली तपासणी: २४ तासांत पिल्लाने खाल्लं का, शू केली का? दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाने १२ तास काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करा. ते उपाशी फार वेळ टिकत नाही.

दुसरी तपासणी: स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. त्यानंतर दर रविवारी करा. या वयात आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ हवी. वाढ थांबली किंवा वजन उतरलं, तर पिल्लू खेळत असलं तरी दाखवा. आजार डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर दिसतो.

घरात आधीचं मांजर असेल, तर दोघांना किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. पिल्लाला काही आजार असेल तर तो या काळात बाहेर पडतो. दरम्यान दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खायला घाला. समोरासमोर भेट त्यानंतर, तीही पाच मिनिटांची.

## टप्पा ४: शी-शूची जागा

पिल्लासाठी दोन-तीन इंच काठाचा उथळ ट्रे. मोठं झाल्यावर साधं प्लॅस्टिकचं रुंद घमेलं छान चालतं. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा, म्हणजे वळायला जागा राहते. झाकणाचे बंद डबे माणसाला आवडतात, पण त्यांत वास कोंडतो आणि बरीच मांजरं ते टाळतात. जेवढी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त ठेवा.

पाण्याने घट्ट गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर साधारण चार महिन्यांपर्यंत नको, कारण लहान पिल्लं ते खाऊन बघतात. तोवर लाकडाच्या गोळ्या किंवा फाडलेला कागद वापरा. सुगंधी लिटर घेऊ नका. जेवल्यावर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला ट्रेमध्ये ठेवा, एवढं शिकवणं पुरतं.

रोज दोनदा घाण काढा. यामागे आरोग्याचंही कारण आहे. विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी बाहेर पडली, तरी ती संसर्ग करण्यायोग्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ केलं की तो धोका फार कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम दुसऱ्याला द्यावं, नाइलाज असेल तर हातमोजे घालून करावं. गरोदरपणात मांजर घराबाहेर काढायची मात्र काहीही गरज नाही.

बाहेर शू केली तर ओरडू नका आणि नाक घासू नका. आधी ट्रेची स्वच्छता आणि जागा तपासा. दोन्ही ठीक असूनही चालूच राहिलं, तर लघवी तपासून घ्या.

## टप्पा ५: खाणं

गाईचं किंवा म्हशीचं दूध नको. मोठं होताना मांजराची दुधातली साखर पचवायची क्षमता कमी होते आणि जुलाब होतात. पाणीच प्यायला द्या, तेही खाण्याच्या वाटीपासून लांब.

मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदय निकामी होतं. दूध-पोळी किंवा दही-भातावर त्याला वाढवता येत नाही. ज्यांच्या घरी मांस चालणार नाही, त्यांनी मांजर न आणलेलं बरं, असं मी स्पष्ट सांगते. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम नसल्यागत असतं. पाकिटावर पिल्लांसाठी असल्याचं लिहिलेलं संपूर्ण खाणं वर्षभर द्या, आधी दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा. बिनमीठ-बिनहळदीचं चिकन किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी वरून चाखण्यापुरती. खारवलेलं सुकट-बोंबील नको. आधी जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा आणि नवं खाणं सात दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या.

## टप्पा ६: तपासणी, मग जंताचं औषध, मग लस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आधी तपासणी. पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे नुसतं दाखवायला न्या. ताप, जुलाब, डोळ्यांतला चिकटा, पिसवा, कानातला काळा मळ हे सगळं पाहिलं जाईल. पिल्लू आजारी असेल तर लस पुढे ढकलतात. कारण आजारी शरीराकडून लसीला पुरेसा प्रतिसाद मिळत नाही आणि नंतर बिघडलं तर लसीमुळे की आजारामुळे हे कळत नाही.

मग जंत. पिल्लाला आईच्या दुधातूनच जंत होतात, त्यामुळे ते स्वच्छ दिसतं म्हणून औषध टाळू नका. मात्रा वजनावर ठरते. साधारणपणे दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, त्यानंतर दर तीन महिन्यांनी देतात.

मग लस. दोन लसी अत्यावश्यक आहेत. एक त्रिरोगी लस, दवाखान्यात तिला बहुतेक 'ट्रायकॅट' म्हणतात. ती पॅनल्युकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) आणि मांजरांना सर्दी-तापासारखे आजार देणारे हर्पीस व कॅलिसी हे विषाणू यांच्यापासून वाचवते. दुसरी रेबीजची.

'एक इंजेक्शन झालंय, म्हणजे लस झाली' हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते. तेवढ्याने भागत नाही. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षक द्रव्यं मिळतात. ती पिल्लाला वाचवतात, पण लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, कुणात आठव्या आठवड्यात, कुणात पंधराव्या. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने डोस देत १६ आठवड्यांचं वय पार करायचं असतं. शेवटचा डोस १२व्या आठवड्यात देऊन थांबलात, तर काही पिल्लं लस टोचूनही उघडीच राहतात.

१ जूनला जन्मलेल्या पिल्लाचा हिशेब असा:

- २७ जुलै (८ आठवडे): ट्रायकॅट, पहिला डोस
- २४ ऑगस्ट (१२ आठवडे): ट्रायकॅट, दुसरा डोस. रेबीजची लस या वयापासून देता येते
- २१ सप्टेंबर (१६ आठवडे): ट्रायकॅट, तिसरा डोस
- ३० नोव्हेंबर (२६ आठवडे): ट्रायकॅटचा आणखी एक डोस

सहाव्या महिन्यातला हा डोस 'वसावा' या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने सुचवला आहे. आधीच्या डोसांनी संरक्षण न मिळालेलं पिल्लू वर्षभर वाट न पाहता सुरक्षित व्हावं, हा त्यामागचा हेतू. अनेक दवाखान्यांत दोन डोस आणि मग थेट वर्षाने असं चालतं. १६ आठवड्यांनंतरचा डोस मिळणार का, हे तुम्ही विचारा. रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी घ्यावी. आधीच्या लसींची नोंद नसलेल्या मोठ्या मांजराला ट्रायकॅटचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची एक लस देतात.

> दवाखान्यात पाहा: लस फ्रिजमधून (२ ते ८ अंश सेल्सिअस) काढली का? कुपीवरचा कागद पुस्तिकेत चिकटवला का? तारीख, सही आणि पुढची तारीख लिहिली का? हे सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं.

लसीनंतर एक-दोन दिवस मांजर मरगळतं, कमी खातं. हे चालतं. तोंड सुजलं, वारंवार उलट्या झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर त्याच तासाला परत न्या. म्हणून लस दिल्यावर वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. टोचल्या जागी छोटी गाठ येऊ शकते. ती तीन महिन्यांनंतरही असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा महिन्यानंतर वाढत असेल, तर दाखवा.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत पिल्लाला इतर मांजरांत सोडू नका. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर वर्षभर तग धरतो आणि चपलेच्या तळव्यावरून घरात येतो. तेव्हा चपला दाराबाहेर. ज्या घरात या आजाराने पिल्लू गेलं आहे, तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका.

> सावधान: लस न झालेलं मांजर चावलं किंवा त्याने ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.

## टप्पा ७: नखं परजायचा खांब

मांजर सोफा खुन्नस म्हणून ओरबाडत नाही. नखावरचं जुनं कवच गळून पडावं, पाठ आणि खांदे ताणले जावेत आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागेवर लागावा, यासाठी ते नखं परजतं. हे थांबवता येत नाही, पण जागा बदलून देता येते. नखं काढून टाकायची शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापणं असतं. तिचा विचारही करू नका.

बाजारातले बरेचसे खांब दीड फुटाचे आणि हलके असतात. मांजर एकदा लटकतं, खांब कलंडतो आणि ते पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. खांब मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण देता येईल इतका उंच, म्हणजे मोठ्या मांजरासाठी तीन फूट, आणि अजिबात न डुलणारा हवा. घरी असा करता येतो:

१. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा आणि १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा दीड फूट लांब-रुंद चौकोन घ्या.

२. सुताराकडून पाइपच्या आत घट्ट बसेल असा लाकडी गोल ठोकळा कापून घ्या. तो प्लायच्या मधोमध ठेवून खालून चार स्क्रूंनी आवळा. स्क्रूंची डोकी लाकडात बुडवा.

३. पाइपच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ दोर जाईल एवढं एकेक भोक पाडा.

४. दोर ८ मिलिमीटर जाडीचा, घायपाताचा. नारळाचा सुंभही चालतो, पण त्याचा काथ्या जास्त गळतो. नायलॉनचा दोर नको, नखं अडकतात. एवढ्या पाइपला सुमारे ४२ मीटर दोर लागतो. थोडा जास्तच आणा.

५. खालच्या भोकातून टोक आत घालून गाठ मारा आणि वेढ्याला वेढा चिकटवत वर या. दोर कोरडाच गुंडाळा, ओला गुंडाळला तर वाळल्यावर सैल पडतो. दर दहा वेढ्यांनी लाकडी ठोकळ्याने ठोकून खाली दाबा. वर पोचल्यावर तसंच टोक आत घेऊन गाठ मारा. गोंद लागत नाही.

६. पाइप ठोकळ्यावर बसवा आणि बाजूने, दोराच्या वेढ्यांमधून, तीन स्क्रू मारा.

आता तपासा: वरच्या टोकाला हाताने जोरात ओढा. खांब हलला तर प्लाय मोठी करा किंवा तिच्यावर फरशीचा तुकडा बसवा.

खांब कोपऱ्यात किंवा गॅलरीत दडवू नका. झोपायच्या जागेजवळ एक, आणि सोफ्याचा कोपरा धरला असेल तर अगदी त्याला खेटून दुसरा ठेवा. मांजर उठल्याबरोबर आळस देत नखं परजतं आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खूण करतं. सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर महिनाभर दुहेरी चिकटपट्टी लावा. मांजर खांब नेमाने वापरू लागल्यावरच तो रोज दोन-तीन इंच सरकवत तुम्हाला हव्या त्या जागी न्या.

पंजे धरून खांबावर घासू नका. त्याने भीती बसते. खांबावर दोरी-पिसाचं खेळणं फिरवा, आपल्याच नखांनी दोरावर खरखर आवाज करा, ते आलं की लगेच खाऊ द्या. खेळून झाल्यावर ते खेळणं कपाटात ठेवा. आठवडाभर ढुंकूनही पाहिलं नाही, तर त्याला आडवं परजायला आवडत असेल. नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून केलेला पाट जमिनीवर ठेवून बघा. दोर पिंजला म्हणून खांब फेकू नका, जुना वास असलेला खांबच मांजराला प्रिय असतो. अगदीच सुटला तर दोर बदला.

दोन-तीन आठवड्यांतून एकदा नखांची टोकं कापा. उजेडात नखात गुलाबी रेघ दिसते, तिथे रक्तवाहिनी असते. तिच्या बऱ्याच अलीकडे फक्त पांढरं टोक कापायचं. पिल्लू असताना रोज पंजा हातात घ्यायची सवय लावा आणि एका वेळी दोनच नखं कापा.

## टप्पा ८: नसबंदी आणि पुढच्या तारखा

मांजरी चार महिन्यांची असतानाही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. 'एकदा पिल्लं होऊ द्यावीत' याला वैद्यकीय आधार नाही. लसी होत आल्या की पाचव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरांशी तारीख ठरवा. बोक्याचीही करा. तो वयात आल्यावर घरभर मुतायला लागतो आणि एकदा सवय लागली की शस्त्रक्रियेनंतरही ती राहू शकते.

खालच्या गोष्टींत सकाळपर्यंत थांबू नका:

- बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि शू होत नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असतो, एक-दोन दिवसांत जीव जातो.
- तोंड उघडं टाकून धापा टाकणं.
- पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदमच.
- मोठ्या मांजराने २४ तास काही न खाणं.
- विषारी वस्तू खाल्ल्याचा नुसता संशय. वेष्टन सोबत न्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

लसीची पुस्तिका कॅरिअरच्या कप्प्यातच ठेवा आणि कॅरिअर माळ्यावर टाकू नका. तो आत मऊ कापड घालून, दार उघडं ठेवून खोलीतच राहू द्या. पिल्लू त्यात झोपायला लागलं की पुढच्या वेळी दवाखान्यात न्यायला त्याच्यामागे घरभर धावावं लागत नाही.